ठेवायच्या फांदीची चिंधी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस झाडावरून पडून मेला.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, रस्त्याच्या कडेला, एका चिंचेखाली ते उताणे पडले होते. एक हात पोटावर, दुसरा बाजूला, आणि त्या हातापासून वीतभर अंतरावर कोयता. तोंड उघडं. शेजारी नुकत्याच उतरवलेल्या फांद्यांचा ढीग. मी धावत गेलो, खांदा धरून गदागदा हलवलं आणि ‘ओ बाबा, ओ बाबा’ करून ओरडायला लागलो. त्यांनी एक डोळा उघडला.

“पडलो नाय. निजलोय. तू कोण?”

मी कोण हे नीट सांगायचं तर बराच वेळ लागला असता. नववीतून शाळा सोडलेला, हिंगोलीकडचा, तेवीस वर्षांचा. रोह्याच्या पुढं रेल्वेचा नवा मार्ग टाकायचं काम चाललं होतं, तिथं मार्गातली झाडं काढणाऱ्या टोळीबरोबर आलो होतो. टोळी दक्षिणेकडं सरकली तेव्हा मी काविळीनं खोलीत पडून होतो. उठलो तेव्हा टोळी नव्हती, मुकादम नव्हता, ओळखीचं एक तोंड नव्हतं. गावी आई होती, पण तिला काय तोंड दाखवायचं म्हणून तिकडं जायचं धाडस नव्हतं. यातलं मी काहीच बोललो नाही. एवढंच म्हणालो, “मला वाटलं तुम्ही मेलाव.”

“मेलाव? कुठली रे ही भाषा?”

“मराठवाड्यातली.”

“बरं, मराठवाडा. झोप तर मोडलीसच. आता त्या फांद्या गाडीत टाकू लाग.”

तेव्हापासून मी मराठवाडा. त्यांच्या घरी, गिऱ्हाइकांकडं, एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मी मराठवाडा म्हणूनच माहीत. माझं खरं नाव त्यांनी बारा वर्षांत दोनदा उच्चारलं असेल, तेही माझ्या लग्नात, भटजींनी विचारलं म्हणून. मी त्यांना काका म्हणायचो.

ते झोपायचे त्याला कारण होतं. झाड छाटून झालं की त्याच झाडाखाली तासभर झोपायचं, हा त्यांचा नेम होता. चहा आला तरी नाही, जेवण आलं तरी नाही, आधी झोप. “उद्यापासून ह्याच्याखाली यांची पोरं खेळणार,” ते म्हणायचे. “पयला मी निजून बगतो. वर काय चुकलेलं असलं ना, तर मला झोप लागत नाय.” गिऱ्हाईक आधी हसायचं, मग त्यालाच बरं वाटायचं. कुणी एखादी उशी आणून द्यायचं. उशी ते परत करायचे. “उशीवर काय कुणालापण झोप लागते.”

झाडं छाटणं हा धंदा आहे हे लोकांना आजही पटत नाही. मी आता पेण ते रोहा हेच काम करतो, माझ्याबरोबर दोन माणसं असतात, तरी पाहुण्यांत कुणी विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा म्हणतो, “म्हणजे लाकूडतोड्या.” काकांसमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. तोडणे हा शब्दच त्यांना चालत नसे. झाड ‘हलकं करायचं’. माझ्या तोंडून पहिल्या महिन्यात ‘ही फांदी तोडू का’ असं निघालं, तर वरून दोर खाली टाकून म्हणाले, “जा घरी. माणसाचे केस कापतात, मुंडकं तोडतात. फरक कळला की ये.” मी खरंच खोलीवर गेलो आणि आता आपलं कसं होणार म्हणून रडकुंडीला आलो. संध्याकाळी काकींनी निरोप धाडला, जेवायला ये. ताटावर बसलो तर काका म्हणाले, “कुठं गेलेलास? दोर कोण गुंडाळणार?”

पहिल्या दिवशी ते कोयत्याला हात लावत नसत. झाडाभोवती फिरायचे, कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठोकून कान द्यायचे, लांब जाऊन बघायचे, परत जवळ यायचे. मग मालकाला विचारायचे, “कशाला?”

“कशाला म्हणजे? फांद्या फार झाल्यात.”

“त्या कशाला कापायच्या?”

“अहो, कचरा होतो.”

“मग झाडू कशाला हाय?”

यात किती कामं हातची गेली ते सांगत नाही. रोह्याला एका कंपनीच्या कॉलनीत एका साहेबांनी गुलमोहर छाटायला बोलावलं होतं. गाडीवर फुलं पडतात, रंगाला डाग पडतात, ही तक्रार. काकांनी झाडाला एक फेरी मारली, गाडीला एक फेरी मारली. मग खाली वाकून गाडीखाली बघितलं आणि साहेबांना म्हणाले, “चाकं हायत की हिला. गुलमोहराला नायत.” साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आम्ही फाटकाबाहेर होतो. “काका, मोठं काम होतं ते, सगळी कॉलनी मिळाली असती,” मी म्हणालो. ते म्हणाले, “ज्याला गाडी हलवायचा कंटाळा, तो उद्या झाडाखाली पोरगं उभं हाय का तेपण बगणार नाय.”

माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, झाडं राहत. पेणच्या बाजारात कुणी हात केला की माझ्या कानाशी पुटपुटायचे, “कोण रे हा?” मी नाव सांगायचो, उपयोग नाही. घर सांगितलं तरी नाही. “तो पोकळ फणसवाला” म्हटलं की चेहरा उजळायचा आणि पुढं होऊन विचारायचे, “काय, फणस कसा हाय?” एकदा त्या माणसानं डोक्याचे केस काढलेले होते. वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी मागून सदरा ओढतोय तरी काका फणसाच्या पोकळीत पाणी साचतं का ते विचारतच राहिले. शेवटी त्या माणसानं सांगितलं तेव्हा म्हणाले, “तुझ्या बापानंच ती पोकळी पयली बघितली. मला बोलवायला तोच सायकलवर आलेला.” तो माणूस भर बाजारात रडायला लागला. घरच्या पंधरा दिवसांत त्याला कुणी असं काही बोललं नसावं.

आणि एवढं सगळं करून ते आंबा खात नसत. आवडतच नसे. सीझनला प्रत्येक घरातून पिशवी मिळायची, ती माझ्याकडं. “तुमच्यात नसतो ना असा? खा.” आमच्याकडंही असतो, हे मी कधी सांगितलं नाही.

काकींचं एक सांगून टाकतो, नाहीतर राहील. मला तांदळाची भाकरी पचायची, पण पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. एकदा बोलून गेलो की आमच्याकडं ज्वारी असते. पुढच्या आठवड्यात त्यांनी कुठूनतरी ज्वारीचं पीठ मिळवलं आणि भाकरी थापायला घेतली. ती उचलली की तुटायची. पाच-सहा वेळा तुटली. काका शेजारी वालाच्या शेंगा सोलत बसले होते, म्हणाले, “मराठवाडा घट्ट असतो, तुझ्या हातानं जमायचा नाय गो.” काकींनी तुकडे तसेच ताटात वाढले. मी आमटीत बुडवून सगळे खाल्ले. बाहेर येऊन बराच वेळ दोर गुंडाळत बसलो, आत जाववेना.

काम त्यांनी मला शिकवलं ते असं. फांदी कधी वरून सरळ कापायची नाही. तशी कापली तर अर्ध्यावर ती आपल्याच वजनानं खाली येते आणि येताना खोडाची साल ओढून नेते, हातभर. म्हणून आधी खालच्या बाजूनं करवत लावायची, चार बोटं आत गेली की थांबायचं. मग वरून, थोडं पुढं. फांदी सालीला धक्का न लावता सुटते. राहिलेला खुंट मग खोडाजवळ कापायचा, पण अगदी चिकटून नाही. फांदी जिथून निघते तिथं खोडाला जरा सूज असते, तिला ते मनगट म्हणत. “मनगट ठेव. जखम तिथूनच भरते.” मग कापलेल्या जागेवर शेण आणि गेरू एकत्र कालवून फासायचं. त्याची करवंटी कमरेला बांधलेली. खालून बघितलं तर झाडावर ठिकठिकाणी तांबूस-तपकिरी ठिपके दिसायचे, तेवढ्यावरून पेणमध्ये लोक ओळखायचे की झाडावर कोण चढलं होतं.

मी दोराची गाठ तीन-तीनदा तपासायचो. त्यावरून ते चिडवायचे. “चौथ्यांदा बग. सुटली असंल आतापर्यंत.” पण तपासू नको असं कधी म्हणाले नाहीत.

आणि चिंधी. सगळं जग कापायच्या झाडाला खूण करतं. आमच्या टोळीत मुकादम चुन्याची फुली मारायचा. फुली दिसली की ते झाड आडवं, विचारायचं नाही. काका उलटं करायचे. पहिल्या दिवशीच्या त्या फेऱ्या झाल्या की काकींच्या जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या घेऊन वर जायचे आणि ठेवायच्या फांद्यांना बांधायचे. जिला हात लावायचा नाही, तिला चिंधी.

“कापायच्या फांदीला बांधली तर सोपं पडेल की काका.”

“कापायची राहिली तर उद्या कापू. ठेवायची कापलीस तर उद्या काय करशील?”

मला हे पटलं होतं. पाठही झालं होतं. तरी जे झालं ते झालं.

पेणला रामवाडीत हायवेपासून जरा आत एक बाई राहायच्या. नवरा गेलेला, वय पन्नाशीच्या पुढं, आयुष्यभर खाडीकडच्या मिठागरावर राबलेल्या. त्यांचा मुलगा कंपनीत शिफ्टला जायचा. घर कौलारू, आणि बाजूला चुलीपुरती एक खोली, तिच्यावर पत्रा. अंगणात मोठा रायवळ आंबा, पलीकडं गोठा. आदल्या पावसात त्याची एक फांदी पडून ओसरीची कौलं फुटली होती, आणि मुलानं ठरवलं होतं की झाड काढायचं. आई नाही म्हणत होती. शेवटी असं ठरलं की काकांना बोलवायचं, झाड हलकं करून घ्यायचं, आणि यंदाच्या पावसात एक जरी फांदी पडली तर झाड मुळासकट जाईल.

बाईंची एकच अट होती. चुलीच्या पत्र्यावर जी जाड फांदी आडवी गेली होती, तिला हात लावायचा नाही.

“पत्रा तापतो रे भाऊ,” त्या काकांना म्हणाल्या. “जल्मभर मिठात उन्हाची उभी राहिलेय. आता तरी सावलीत भात शिजवू दे.”

काकांनी स्वतः त्या फांदीला चिंधी बांधली. दुहेरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता. म्हणाले, “आज तू एकटा चढ. मी खालून शीळ घालतो.” एक शीळ म्हणजे थांब, दोन म्हणजे कर सुरू. इतके दिवस ते वर आणि मी त्यांच्या खालच्या फांदीवर, असं होतं. नाही कसं म्हणणार? चढलो. मोठ्या आंब्यात शिरलं की दिशा फिरतात. चारी बाजूंना पानं, खालचं अंगण तुकड्यातुकड्यानं दिसतं. मला करवत लावायची होती ती गोठ्याच्या बाजूच्या फांदीला. खाली बाईंचा मुलगा काकांशी वाद घालायला लागला होता, आणि त्यातले ‘मुळासकट’, ‘उगाच खर्च’ असले शब्द वर येत होते. काकांचं लक्ष त्याच्याकडं गेलं होतं. माझं लक्ष दोघांकडं. तेवढ्यात समोर तांबडी चिंधी दिसली आणि माझ्या हातानं डोक्याला न विचारता करवत लावली. खूण दिसली, लाव करवत. टोळीतली दोन वर्षं हातात बसलेली होती.

काम मात्र नीट चाललं होतं. आधी खालून. एक बोट, दोन, तीन, चार. मग खाली पत्र्यावर भुसा पडल्याचा बारीक खुळखुळ आवाज कानात शिरला आणि मी थांबलो. गोठ्यावर पत्रा नव्हता. गोठा गवतानं शाकारलेला होता.

त्याच वेळी हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. मनात एवढंच आलं की आता हे मला हाकलणार, आणि मग मी कुठं जाणार? करवंटीतलं शेण आणि गेरू घेतलं आणि त्या खाचेत भरलं. वरून नीट सारवलं. खालून कुणी बघितलं असतं तर आणखी एक ठिपका. मग दुसऱ्या बाजूला जाऊन गोठ्याकडची फांदी उतरवली, अगदी शिकवल्याप्रमाणं. काकांनी खालून बघून मान हलवली. त्यांची मान अशी हलली की मी एरवी दोन दिवस खूश असायचो.

काम संपलं. बाईंनी चहा आणला. काका म्हणाले, आधी झोप. मे महिन्याची दुपार, सगळ्यात गार जागा कुठली? चुलीच्या खोलीच्या भिंतीला लागून, त्या आडव्या फांदीखाली. तिथंच ते पडले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

मी शेजारी बसलो. चहा हातात तसाच. खाडीकडून दुपारचा वारा सुटला, फांदीचं टोक वाकलं, परत वर गेलं. परत वाकलं. मी तो तपकिरी ठिपका बघत होतो. आत बाई भांडी घासत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. काका घोरत होते. मला वाटलं, झोप कशी लागली यांना? वर चुकलेलं असलं की लागत नाही म्हणतात. मग कळलं की झाडाचं काही नसतं, त्यांना माझ्यावर भरवसा होता म्हणून लागली होती. कप खाली ठेवला.

“काका, उठा.”

“झाला तास?”

“नाही. इथून उठा. तिकडं झोपा.”

“का?”

मी सांगितलं. चिंधीचं सांगितलं, शेणाचं पण सांगितलं. ते उठले नाहीत. पडल्या पडल्या वर बघत म्हणाले, “किती?”

मी चार बोटं दाखवली.

“खालनं का वरनं?”

“खालनं.”

“वरनं नाय ना लावलीस?”

“नाही काका.”

“नक्की?”

“आईशप्पथ.”

मग ते उठून बसले. गुडघा धरून उभे राहिले. मला वाटलं, आता कोयत्याच्या मुठीनं हाणतील. ते म्हणाले, “चल.”

“कुठं?”

“जिची चूल हाय, तिला सांगायला.”

“तुम्ही सांगा ना काका.”

“करवत कोणी लावली?”

मी आत जाऊन सांगितलं. बाईंनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. “तुझ्या आयशीच्या चुलीवर कापली असतीस काय रे?” एवढंच म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगा मात्र ओरडला, “बघ, हेच सांगत होतो मी. ह्या असल्यांच्या हातात दिलंस. आता ती फांदी काढा, आणि झाड पण काढा, एकदाच काय ते होऊ द्या.”

“फांदी राहील,” काका म्हणाले.

“अर्धी कापलीय ना?”

“चार बोटं. आणि खालनं.” काकांनी आपला हात आडवा पुढं केला. “ही फांदी. वजन खाली ओढतंय. वरचं अंग ताणलं जातं, खालचं दाबलं जातं. ह्यानं दाबल्या जाणाऱ्या अंगाला खाच पाडलीय, म्हंजे वजनानं ती मिटतेय. वरनं लावली असती तर एव्हाना तुमच्या भातात असती. टोकाकडचं निम्मं वजन उतरवतो, खाली टेकू लावतो. सावली थोडी कमी होईल बाय, पण चुलीवर राहील. दोन-तीन वर्षांत खाच भरून येईल.”

“आणि पडली तर?” मुलगा म्हणाला.

“पडली तर झाड मीच काढून देईन, मुळासकट. आणि त्या दिवसापासून पेण-रोह्यात कुणाच्या झाडाला हात लावणार नाय.”

बाईंनी विचारलं, “एवढं क्याला बोलतंस भाऊ, दुसऱ्याच्या चुकीपायी?”

“दुसरा कोण हाय?” काका म्हणाले आणि माझ्याकडं वळून, “चढ.”

“मी?”

“मग काय मी? कापायला तू आणि शिवायला मी?”

चढलो. काकांची एक शीळ, दोन शिळा, एक शीळ. टोकाकडून हातहातभर उतरवत आलो. मध्ये एकदा हात थांबला तर खालून आवाज आला, “गाठ बग. चौथ्यांदा बग.” मी बघितली. संध्याकाळी ऐनाच्या लाकडाचा, वर बेचकं असलेला टेकू भिंतीलगत पुरून फांदीखाली बसवला. त्या दिवशी काका परत झोपले नाहीत.

एसटीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. मी मनात सामान बांधत होतो. स्टँडवर उतरलो तेव्हा धीर करून विचारलं, “काका, उद्या येऊ का?”

“उद्या अष्टमी गावात फणस बघायचाय ना? दोर तुझ्याकडं, आणि येऊ का म्हणून विचारतोस?” चार पावलं जाऊन थांबले. “चिंधी बघून कापलीस म्हणून तुला तुडवायला पायजे होता. शेण फासलंस म्हणून त्याच्या दुप्पट. पण वर जाणारे सगळे कधीतरी चुकतात रे. खाली येऊन सांगत कोण नाय.” आणि चालू लागले.

आता ते नाहीत. झाडावरून पडून नाही, घरात खाटेवर, तापानं गेले. शेवटच्या दोन दिवसांत कोण कोण भेटून गेलं त्यांना कळलं नाही. त्यांना भेटायला आलेल्यांत पोकळ फणसवाला होता, कळलं असतं तर फणस कसा हाय ते विचारलं असतं. त्यांची आठवण मला कुठल्याही झाडाखाली येते, पण त्या वर्षीच्या आषाढातली एक सकाळ बाकी सगळ्याच्या वर आहे.

पाऊस लागून महिना झाला होता. दोन दिवस सलग वारा. कुंडलिका नदीचं पाणी चढलेलं, वरशाला दोन ठिकाणी झाडं पडलेली. मला खोलीत बसवेना. डोळे मिटले की ती फांदी, तिच्याखाली चूल, चुलीपुढं बसलेल्या बाई. तिसऱ्या दिवशी उजाडताच काकांच्या घरी गेलो की विचारावं, जाऊन बघून येऊ का. काकी म्हणाल्या, “ते पहाटे अंधारातच गेले शेताचा बांध बघायला. फुटला असंल म्हणाले.” मी त्यांची वाट न बघता पहिली मिळाली ती एसटी पकडली. रामवाडीला उतरून आत पळत गेलो. छत्री उलटी झाली, ती मिटून काखेत मारली.

अंगणात शिरलो. फांदी होती. वाऱ्यानं टोक हलत होतं, टेकू करकरत होता, पण होती. आणि ओसरीवर, डोक्याला गोणपाट गुंडाळून, नखशिखांत भिजलेले काका बसले होते. नजर वर.

मला बघून म्हणाले, “तू कशाला आलास?”

“बघायला.”

“बस मग.”

बाई आतून आल्या. “बघ रे ह्याला,” त्या मला म्हणाल्या. “उजाडल्यापासनं बसलाय. चहा दिला, तसाच निवला. मी आत चुलीकडं गेले की हा दारात येऊन उभा राहतो. म्हटलं, मी मरत नाय, तू बस. ऐकत नाय.”

आम्ही बसून राहिलो. मोठा झोत आला की दोघांच्या माना एकदम वर. एकदा वर काहीतरी कडकन वाजलं आणि काकांनी माझं मनगट पकडलं. एक सुकी काटकी पत्र्यावर पडून घरंगळली. त्यांनी हात सोडला नाही. तीस-चाळीस वर्षं झाडावर काढलेला माणूस तसाच धरून बसला.

दुपारकडं वारा पडला. बाईंचा मुलगा शिफ्टवरून आला. सायकल लावली, आम्हाला दोघांना बघितलं, वर फांदी बघितली, टेकूला एक लाथ मारून बघितली. मग पाय धुतले, चुलीच्या खोलीत गेला आणि आतून म्हणाला, “आई, मला इथंच वाढ. त्या दोघांना पण आत बोलव, भिजून काकडलेत.”

जेवून हायवेला एसटीची वाट बघत उभे होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, “काका, तुम्ही तर सांगितलं होतं ना, फांदी राहील म्हणून?”

गोणपाट पिळत ते म्हणाले, “सांगितलं होतं. म्हणून तर आलो.”